आभाळातली उमेदवारी

११ फेब्रुवारी २००९ ची संध्याकाळ. सिअॅटलच्या विमानतळावरून फेडेक्सचं एक मालवाहू विमान मेम्फिसकडे निघालं. आत सगळी पार्सलं, पण सोबत चोवीस वर्षांची एक तरुणीही होती. तिचा त्या पार्सलांशी काही संबंध नव्हता. ती एका छोट्या प्रवासी विमान कंपनीची सहवैमानिक होती आणि कामावर निघाली होती. राहायला सिअॅटलजवळ, नवऱ्यासह आईवडिलांच्या घरी. ड्यूटी न्यूयॉर्कच्या शेजारी नेवार्कला. मुंबईहून गुवाहाटीला जाऊन परत यावं, साधारण तेवढं अंतर. वैमानिकांना एकमेकांच्या कंपन्यांच्या विमानांत रिकाम्या जागेवरून फुकट जाता येतं, तशी ती चालली होती. मध्यरात्री मेम्फिसला उतरून तिने दुसरं मालवाहू विमान पकडलं आणि सकाळी साडेसहाच्या सुमारास ती नेवार्कला पोहोचली. दुपारी दीडपर्यंत काम नव्हतं. हॉटेल घ्यायचं तर पदरचे पैसे मोडायचे, म्हणून वैमानिकांच्या खोलीतल्या कोचावर तिने पाठ टेकली.

तिच्याबरोबर त्या दिवशी उडणारा कॅप्टन फ्लोरिडात राहायचा. तोही आदल्या रात्री त्याच खोलीत होता. या खोलीत रात्री झोपायला कंपनीची मनाई होती, पण नेवार्कला त्याची भाड्याची जागा नव्हती. पहाटे ३ वाजून १० मिनिटांनी त्याने कंपनीच्या संगणकावर लॉगइन केल्याची नोंद आहे. ती वेळ गाढ झोपेची, आणि हा माणूस जागा होता.

दुपारी हजेरी लागली. जोराच्या वाऱ्यामुळे पहिल्या दोन फेऱ्या रद्द झाल्या. तिसरी बफेलोची. ते विमान पावणेआठला गेटवरून हललं, रांगेत तासदीडतास उभं राहिलं आणि सव्वानऊनंतर एकदाचं उडालं. सहवैमानिकाला सर्दी झाली होती. बोलता बोलता ती कॅप्टनला म्हणाली, की आपण घरी असतो तर आज आलोच नसतो. पण आता इथे आल्यावर रजा टाकली तर हॉटेलचा खर्च अंगावर पडेल. हे बोलणं कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात राहिलं.

रात्री १० वाजून १७ मिनिटांनी, बफेलोची धावपट्टी काही मैलांवर असताना, ते विमान क्लॅरेन्स सेंटर नावाच्या गावातल्या एका घरावर कोसळलं. विमानातली ४९ माणसं गेली आणि त्या घरातलं एक.

चौकशीत कारण स्पष्ट झालं. उतरताना वेग फार कमी झाला आणि दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. विमान पडण्याच्या बेतात आलं की वैमानिकाच्या हातातला दांडा थरथरू लागतो, तशी यंत्रणाच असते. तो थरथरला की नाक खाली करायचं, वेग घ्यायचा, हा पहिल्या वर्षीचा धडा. कॅप्टनने दांडा मागे ओढला. नाक वर गेलं, पंखांखालचा आधार सुटला. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने फेब्रुवारी २०१० मध्ये दोष कॅप्टनच्या या प्रतिसादाला दिला. दोघांच्याही कामावर थकव्याचा परिणाम झाला असावा, हे मंडळाने मान्य केलं. मात्र तो नेमका किती, हे सांगता येत नाही असंही लिहिलं. मंडळाच्या अध्यक्ष डेबोरा हर्समन यांचं मत वेगळं होतं. अपघाताला हातभार लावणाऱ्या कारणांत थकवा हवाच, असं त्यांनी स्वतंत्रपणे नोंदवलं.

त्याआधी मे २००९ मध्ये मंडळाची जाहीर सुनावणी झाली तेव्हा लोकांना धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. सहवैमानिकाच्या पगाराचा विषय निघाला आणि आकडा आला वर्षाला सोळा हजार डॉलरच्या आसपास. कंपनीने मागाहून दुरुस्ती केली, की तो चोवीस हजारांच्या जवळ आहे. तोवर पहिला आकडा घराघरांत पोहोचला होता. डॉलर त्या वेळी पन्नास रुपयांच्या आगेमागे होता, त्यामुळे आपल्याकडच्या वाचकाला आठ लाख म्हणजे काही वाईट नाही असं वाटेल. म्हणून दुसरं माप लावून बघू. त्याच वर्षी जुलैत अमेरिकेतलं केंद्रीय किमान वेतन तासाला सव्वासात डॉलर झालं. त्या दराने हॉटेलात भांडी घासणारा माणूस वर्षभर पूर्णवेळ काम करून १५,०८० डॉलर मिळवतो. सुरुवातीच्या काळात ही मुलगी सुट्टीच्या दिवशी कॉफीच्या दुकानातही काम करत होती.

तिकिटावर मात्र या कंपनीचं नाव ठळक नव्हतंच. प्रवाशांनी तिकीट काढलं होतं कॉन्टिनेंटल एअरलाइन्सचं. विमानावर रंग कॉन्टिनेंटलचा, नाव ‘कॉन्टिनेंटल कनेक्शन’. विमान चालवणारी कंपनी होती कोल्गन एअर, आणि कोल्गनची मालक पिनॅकल. आपल्याकडे एसटीच्या रंगातल्या भाड्याच्या गाडीत बसणाऱ्याला निदान ड्रायव्हर कोणाचा हे कंडक्टरला विचारता येतं.

हा प्रकार एका कंपनीचा नव्हता. अमेरिकेतल्या देशांतर्गत उड्डाणांपैकी निम्म्याच्या आसपास उड्डाणं त्या काळात अशा प्रादेशिक कंपन्या करत होत्या. त्या तशा का झाल्या, हे समजायला १९७८ पर्यंत मागे जावं लागतं. त्या वर्षी अमेरिकेने विमान कंपन्यांवरचं भाड्याचं आणि मार्गांचं सरकारी नियंत्रण उठवलं. मोठ्या कंपन्यांनी मोजकी मोठी शहरं हातात धरली आणि तिथून चहूकडे सायकलच्या आऱ्यांसारखे मार्ग पसरले. शिकागो किंवा अटलांटा हा तुंबा. आऱ्याच्या टोकाला असलेल्या लहान गावांतून तीस-चाळीस माणसं उचलून तुंब्यापर्यंत आणायची, तर दीडशे आसनांचं विमान परवडत नाही. त्या कामाला छोट्या कंपन्या आल्या. आधी पंख्याची विमानं, नंतर पन्नास आसनांची जेट.

सुरुवातीला या कंपन्या तिकिटाच्या पैशात वाटा घेत. पुढे करार बदलला. मोठी कंपनी तिकीट विकणार, वेळापत्रक ठरवणार, इंधनाचे पैसे भरणार. छोट्या कंपनीने सांगितलेल्या वेळी विमान उडवून आणायचं आणि प्रत्येक उड्डाणामागे ठरलेली रक्कम घ्यायची. विमान भरलं काय, रिकामं गेलं काय, छोट्या कंपनीला फरक पडत नाही. ऐकायला निर्धोक धंदा, आणि काही वर्षं तो तसा होताही. पण यात नफा वाढवायची एकच वाट उरते, आपला खर्च कमी करायचा. विमानाचा हप्ता ठरलेला, सुट्या भागांची किंमत कारखानदार ठरवणार, विमानतळाचं भाडं मोठी कंपनी भरणार. आपल्या हातात काय राहिलं? पगार. करार संपला की मोठी कंपनी पाचसहा छोट्यांकडून पुन्हा निविदा मागवते आणि ज्याचा पगार कमी त्याला काम मिळतं. आज या कंपनीच्या वैमानिकांना सांगायचं, पलीकडचे स्वस्तात उडायला तयार आहेत. उद्या पलीकडच्यांना तेच ऐकवायचं.

दुसऱ्या बाजूला मोठ्या कंपन्यांच्या वैमानिकांची संघटना. तिने आपल्या करारात एक कुंपण घातलेलं असतं, की ठरावीक आकाराच्या वरची विमानं आमचेच लोक उडवतील. मोठ्या कंपन्यांच्या करारांत ती रेषा बहुतेक ठिकाणी ७६ आसनांवर येऊन थांबली. आपल्या नोकऱ्या वाचवण्यासाठी आखलेली ही रेषा अलीकडच्या बाजूला एक वेगळी, कमी पगाराची जात तयार करते. दोन्हीकडच्या अनेक वैमानिकांची संघटना एकच होती, हे लक्षात घेतलं की या भानगडीत कोणा एकावर बोट ठेवणं किती अवघड आहे ते कळतं.

आता प्रश्न असा, की एवढ्या कमी पगारावर शिकलेली माणसं येतच का होती? उत्तर ‘उमेदवारी’ या आपल्या जुन्या शब्दात आहे. वकिलाच्या हाताखाली, पेढीवर, छापखान्यात माणूस उमेदवारी करायचा. पैसे नावाला, पण पुढे आपली सनद, आपलं दुकान. प्रादेशिक कंपनीतला तरुण वैमानिक हेच मनाशी बांधून यायचा. चार-पाच वर्षं इथे काढायची, जेट उडवल्याचे तास वहीत भरायचे आणि मग डेल्टा किंवा युनायटेडमध्ये जायचं, जिथे ज्येष्ठ कॅप्टनला वर्षाला दोन लाख डॉलरच्या पुढे पगार. म्हणजे त्याच्या पगाराचा मोठा हिस्सा रोख मिळतच नव्हता, तो भविष्याच्या हुंडीवर होता. आणि ती हुंडी लिहिणारी कंपनी वेगळी, वटवणारी वेगळी.

विसाव्या शतकाच्या शेवटी ही हुंडी बरी वटत होती. मग सप्टेंबर २००१ आलं. युनायटेड आणि यूएस एअरवेज २००२ मध्ये, डेल्टा आणि नॉर्थवेस्ट २००५ मध्ये दिवाळखोरीच्या कोर्टात गेल्या. त्यांनी स्वतःची मोठी विमानं कमी केली आणि काम प्रादेशिक कंपन्यांकडे ढकललं. छोट्या कंपन्या फुगल्या, मोठ्या ठिकाणच्या जागा आटल्या. त्यात डिसेंबर २००७ मध्ये वैमानिकांच्या निवृत्तीचं वय साठवरून पासष्ट झालं. वरच्या पायरीवरचा माणूस आणखी पाच वर्षं हलणार नव्हता, म्हणजे खालची अख्खी रांग पाच वर्षं जागच्या जागी. चार वर्षांची उमेदवारी दहा-बारा वर्षांची झाली, पगार मात्र उमेदवारीचाच.

मोठ्या कंपन्यांतही सगळं आलबेल होतं असं नाही. बफेलोच्या अपघाताच्या चार आठवडे आधी, १५ जानेवारी २००९ ला, कॅप्टन चेस्ली सलेनबर्गर यांनी इंजिनं बंद पडलेलं विमान हडसन नदीवर उतरवून सगळ्यांना वाचवलं होतं. फेब्रुवारीत संसदेच्या समितीपुढे या राष्ट्रीय वीराने कौतुक बाजूला ठेवून सांगितलं, की आपला पगार चाळीस टक्क्यांनी कापला गेला आहे, निवृत्तिवेतन गेलं आहे, आणि आपल्या मुलांनी या व्यवसायात यावं असं वाटणारा एकही व्यावसायिक वैमानिक आपल्याला माहीत नाही. वरच्या पायरीवरचा माणूस हे बोलत होता.

पगार मोजायची पद्धतही समजून घ्यायला हवी, कारण तासाचा दर ऐकून बाहेरच्या माणसाची हमखास फसगत होते. वैमानिकाला तासावर पैसे मिळतात, पण ते तास ड्यूटीचे नसतात. रिक्षाचा मीटर प्रवासी बसल्यावर पडतो, तसा यांचा मीटर विमान गेटवरून हलल्यावर पडतो आणि पुढच्या गेटवर थांबलं की बंद होतो. त्याआधी तासभर येऊन हवामान पाहणं, कागद तपासणं, विमानाभोवती फेरी मारणं, दोन उड्डाणांच्या मधले तीन तास विमानतळावर बसणं, हे सगळं त्या दरात धरलेलं नाही. बाहेरगावी असताना जेवणखाणासाठी तासाला दीड डॉलरच्या आसपास भत्ता मिळे, तो वेगळा. महिन्याला साधारण ७५ तासांची हमी. २००९ च्या सुमाराला नव्या सहवैमानिकाचा दर तासाला वीस-पंचवीस डॉलर होता. बावीस धरले तर वर्षाचे १९,८०० डॉलर होतात. त्यासाठी तो महिन्यातले पंधरा-सतरा दिवस घराबाहेर असतो, एकेका दिवशी पाच-सहा वेळा चढतो-उतरतो. आणि उड्डाणाची खरी मेहनत चढण्या-उतरण्यातच असते. न्यूयॉर्कहून लंडनला जाणाऱ्या मोठ्या विमानाचा कॅप्टन सात तासांत एकदा उतरतो.

ज्येष्ठतेचा नियम तर आणखी कडक. कोणतं विमान, कोणतं गाव, कोणती दिवाळी घरी (त्यांच्याकडे नाताळ), सगळं ज्येष्ठतेच्या यादीतल्या क्रमांकावर ठरतं. हा क्रमांक दुसऱ्या कंपनीत नेता येत नाही. वीस वर्षं कॅप्टन असलेला माणूस कंपनी बुडाल्यावर दुसरीकडे गेला, तर नव्याने भरती झालेल्या पोराच्या खाली उजव्या खुर्चीत बसतो आणि पहिल्या वर्षाचा पगार घेतो. त्यामुळे नोकरी आवडली नाही तर सोडून जा, हे वैमानिकाला सांगणं फार सोपं नाही. कंपनीलाही हे पक्कं माहीत असतं.

कंपनी आपला तळ या गावातून त्या गावात हलवते, वैमानिक आपलं घर प्रत्येक वेळी हलवू शकत नाही. नेवार्क-न्यूयॉर्कची भाडी तर नव्या सहवैमानिकाच्या आवाक्याबाहेरचीच. मग ‘कम्यूट’. मुंबईचा माणूस कर्जत-कसाऱ्याहून लोकलने येतो, हे विमानाने येतात. कोल्गनच्या नेवार्क तळावर १३७ वैमानिक होते, त्यातले ९३ असे बाहेरून येणारे. तळाच्या गावी काही जण मिळून एक फ्लॅट घेतात, त्याला ‘क्रॅशपॅड’ म्हणतात. विमानवाल्यांनी हे नाव कसं पत्करलं कोण जाणे! एकेका खोलीत दोन मजली खाटा, जो येईल त्याने मोकळी खाट धरायची, चादर आपली आपण आणायची. गिरणगावात पाळीवर झोपणाऱ्या खोल्या ज्यांनी पाहिल्या-ऐकल्या आहेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. न्यूयॉर्कच्या दोन विमानतळांच्या मध्ये क्यू गार्डन्स नावाची वस्ती आहे; तिथे इतके क्रॅशपॅड झाले की लोक तिला गमतीने ‘क्रू गार्डन्स’ म्हणू लागले.

मग संप का केला नाही? केला होता. सिनसिनाटीची कॉमएअर ही डेल्टाच्या मालकीची प्रादेशिक कंपनी. तिच्या वैमानिकांनी २६ मार्च २००१ ला काम बंद केलं. अमेरिकेत विमान कंपन्या १९३६ पासून रेल्वेच्या कामगार कायद्याखाली येतात, त्यात संपापर्यंत पोहोचायलाच मध्यस्थी आणि प्रतीक्षा यांची लांबलचक वाट चालावी लागते. ती चालून त्यांनी ८९ दिवस एकही विमान उडू दिलं नाही. म्हणणं साधं होतं: आम्ही डेल्टाच्या प्रवाशांना डेल्टाच्या तिकिटावर जेटमधून नेतो, तर आमचा पगार, विश्रांती आणि निवृत्तीची तरतूद उमेदवाराची का? शेवटी ते जिंकले. प्रादेशिक वैमानिकांना तोवर न मिळालेला करार त्यांना मिळाला आणि इतर कंपन्यांत तो मोजपट्टी म्हणून दाखवला जाऊ लागला.

पुढे काय झालं ते या धंद्यातला प्रत्येक जण तोंडपाठ सांगतो. नवं काम कॉमएअरला मिळेनासं झालं, ते स्वस्त कंपन्यांकडे गेलं. डेल्टाच्या दिवाळखोरीत कॉमएअरचे पगार कापले गेले. विमानं वर्षावर्षाने कमी होत गेली आणि २९ सप्टेंबर २०१२ ला कंपनी बंद झाली. कॉमएअर केवळ संपामुळे बुडाली असं म्हणणं अन्यायाचं होईल. पन्नास आसनांची जेट विमानं इंधन महागल्यावर कोणालाच परवडेनाशी झाली होती. पण पगारवाढ मागायला बसलेल्या तरुण वैमानिकांना व्यवस्थापनाला काही समजावावं लागत नसे. कॉमएअर एवढं म्हटलं की पुरे. त्याच सप्टेंबरात कोल्गनचंही शेवटचं विमान उतरलं. सर्वांत कमी पगार घेणारेही वाचले नव्हते.

बदल आला तो संपातून आला नाही. क्लॅरेन्स सेंटरमध्ये गेलेल्यांच्या नातेवाइकांनी आणला. आईबाप, भावंडं, विधवा अशा सामान्य माणसांनी लाल कपडे घालून वॉशिंग्टनच्या चकरा मारल्या. समितीची एकही बैठक चुकवली नाही. १ ऑगस्ट २०१० ला अध्यक्ष ओबामांनी विमान सुरक्षेच्या नव्या कायद्यावर सही केली. विश्रांतीचे नवे नियम जानेवारी २०१४ पासून लागू झाले. त्याआधी दोन ड्यूट्यांच्या मध्ये आठ तासांची विश्रांती चालत असे, आणि त्या आठ तासांत हॉटेलची गाडी, जेवण, आंघोळ, सगळं आलं. आता दहा तास, त्यात सलग आठ तास झोपेची संधी. ड्यूटी पहाटे सुरू झाली आणि उड्डाणं जास्त असली तर कामाचा दिवसही लहान. मालवाहू कंपन्यांना मात्र यातून वगळलं. पार्सलं घेऊन रात्रभर उडणाऱ्याला झोप कमी लागते, असा शोध कोणी लावला असेल तर तो माझ्या वाचनात नाही.

दुसरा नियम दीड हजार तासांचा. पूर्वी अडीचशे तास उडालेला माणूस प्रवासी विमानात सहवैमानिक म्हणून बसू शकत होता. २०१३ पासून त्याला साधारण दीड हजार तास लागतात. विमानविद्येची चार वर्षांची पदवी असेल तर एक हजार, लष्करातून आला तर साडेसातशे. यातली गोम अशी, की बफेलोच्या विमानातल्या दोघांकडेही दीड हजारांहून जास्त तास होते. कॅप्टनकडे ३,३७९ आणि सहवैमानिकाकडे २,२४४. म्हणजे त्या अपघातातून जन्मलेला नियम त्या दोघांना थांबवू शकला नसता.

मग हे तास आणायचे कुठून? बहुतेक जण छोट्या विमानांवर शिक्षक होतात. काल शिकलेला आज शिकवतो. कोणी समुद्रकिनाऱ्यावर जाहिरातीचा कापडी फलक ओढत उडतो, कोणी तेलाच्या नळांवर नजर ठेवतो, कोणी पॅराशूटवाल्यांना वर नेऊन सोडतो. स्वच्छ हवेत एका इंजिनाचं विमान हजार तास फिरवून बर्फात जेट उतरवायला माणूस तयार होतो का, यावर अजून भांडण आहे. संघटना म्हणते, होतो. प्रादेशिक कंपन्या म्हणतात, हा वेळेचा अपव्यय. भारतात आणि युरोपात गणित वेगळं आहे. गोंदिया किंवा बारामतीला शिकून दोनशे तासांचा परवाना घेतलेला आपल्याकडचा मुलगा, त्या विमानाचं वेगळं प्रशिक्षण घेऊन, थेट एअरबसच्या उजव्या खुर्चीत बसू शकतो. छोट्या विमानाची लांब उमेदवारी त्याच्या वाटेत येत नाही. प्रशिक्षणाच्या कर्जाचा डोंगर मात्र त्याच्याही डोक्यावर असतो.

माझं मत विचाराल तर दीड हजार तासांच्या नियमाने कौशल्य किती वाढवलं हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. त्याने पगार मात्र नक्की वाढवला. शिकायला एक लाख डॉलरच्या वर खर्च, त्यावर दोन वर्षं तास जमवणं, आणि शेवटी वीस हजारांची नोकरी? पोरं येईनाशी झाली. दर महिन्याला नव्या उमेदवारांची रांग दारात उभी राहील, या एका गृहीतकावर चाललेल्या धंद्याची रांगच मोडली. शेकडो विमानं असलेली रिपब्लिक एअरवेज फेब्रुवारी २०१६ मध्ये वैमानिक मिळत नाहीत म्हणून दिवाळखोरीत गेली. वायोमिंगच्या ग्रेट लेक्स एअरलाइन्सने तर वेगळीच शक्कल काढली. तिच्याकडे १९ आसनांची बीचक्राफ्ट १९०० विमानं होती. त्यातली दहा आसनं उपटून ती नऊची केली, म्हणजे विमान वेगळ्या नियमाखाली येतं आणि कमी तासांचा सहवैमानिक चालतो. एवढं करूनही मार्च २०१८ मध्ये ती थांबली. याच जातीची १९ आसनांची विमानं डिसेंबर २०१७ मध्ये ‘उडान’ योजनेत मुंबईहून जळगाव-नाशिककडे उडू लागली होती. तीही सेवा टिकली नाही, कारणं अर्थात वेगळी.

मग करोना आला. मोठ्या कंपन्यांनी हजारो ज्येष्ठ वैमानिकांना पैसे देऊन लवकर निवृत्त केलं आणि दीड वर्षात प्रवासी परत आल्यावर हात चोळत बसल्या. त्यांनी प्रादेशिक कंपन्यांतले कॅप्टन भराभर उचलले. जून २०२२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या पीडमाँट आणि एन्व्हॉय या कंपन्यांनी पहिल्या वर्षाच्या सहवैमानिकाला तासाला ९० डॉलर जाहीर केले. सुरुवातीला यात काही काळापुरता जादा हिस्सा धरलेला होता, तरी पंच्याहत्तर तासांच्या हमीने वर्षाचे ८१,००० होतात. तेरा वर्षांत चौपट. इतकी वर्षं ‘परवडत नाही’ म्हणून सांगितलेला पगार काही आठवड्यांत परवडू लागला.

त्याची किंमत आऱ्याच्या टोकावरच्या गावांनी मोजली. पन्नास आसनांच्या विमानात दोन महाग वैमानिक बसवले की तिकिटांचा हिशेब जुळत नाही. मार्च २०२२ मध्ये स्कायवेस्टने २९ लहान गावांची सेवा सोडत असल्याची नोटीस दिली, तीही सरकारी अनुदानावर चालणारी. सप्टेंबरात अमेरिकनने ड्यूब्यूक, इथाका आणि टोलिडो ही गावं सोडली. अशा गावांतला माणूस मग गाडी चालवून लांबच्या मोठ्या विमानतळावर जाऊ लागला. स्वस्त तिकिटाचा एक हिस्सा इतकी वर्षं कोण भरत होतं, याचं उत्तर त्याला कदाचित त्या गाडीत बसल्यावर सुचत असेल.

नियम सैल करायचे प्रयत्न झाले. रिपब्लिकने आपल्या शाळेतल्या मुलांसाठी साडेसातशे तासांची सवलत मागितली, विमान वाहतूक प्रशासनाने सप्टेंबर २०२२ मध्ये ती नाकारली. २०२४ च्या कायद्यातही दीड हजार आणि पासष्ट हे दोन्ही आकडे आहेत तसे राहिले. दोन्ही वेळेला बफेलोच्या अपघातातले नातेवाईक वॉशिंग्टनमध्ये उभे होते. काहींचे केस या पंधरा वर्षांत पिकले.

एक गोष्ट मात्र २०१० च्या कायद्याच्या जाळ्यातून निसटली. वैमानिकाने घरून तळापर्यंत कसं यायचं, यावर बंधन घालावं का, हे तपासायला संसदेने राष्ट्रीय विज्ञान अकादमीला सांगितलं होतं. २०११ मध्ये अकादमीने कळवलं, की नियम करण्याइतकी माहिती उपलब्ध नाही. त्यामुळे कम्यूटचा वेळ आजही कोणाच्याच हिशेबात नाही. दहा तासांची विश्रांती तळावर सुटल्यापासून पुन्हा हजर होईपर्यंत मोजायची. त्या वेळात माणूस पलंगावर होता की पार्सलांच्या विमानात, हे विचारणारं कोणी नाही. नवी भर एवढीच, की उड्डाणाआधी वैमानिकाने आपण ड्यूटीला तंदुरुस्त असल्याचं नोंदवायचं. सिअॅटलहून रात्री निघून मेम्फिसमार्गे सकाळी नेवार्कला पोहोचलेली सहवैमानिक आज दुपारी दीडला कामावर आली, तर तिने विश्रांतीच्या तासांचा कोणताही नियम मोडलेला नसेल. तिला फक्त त्या रकान्यात खूण करावी लागेल.